बीज वारशाचे, जबाबदारी घराची

३० मार्च हा दिवस जगभर ‘जागतिक बायपोलर दिन’ म्हणून पाळला जातो. विख्यात डच चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग याचा हा जन्मदिवस. त्याचे चरित्र आणि त्याची पत्रे यांवरून त्याला हा मनोविकार असावा, असा अनेक अभ्यासकांचा तर्क आहे. या दिवशी वृत्तपत्रात एखादा लेख छापून येतो, एखाद्या सभागृहात व्याख्यान होते आणि दुसऱ्या दिवसापासून हा विषय पुन्हा माजघरात कोंडला जातो. मधुमेह आणि रक्तदाब यांची चर्चा लग्नाच्या पंगतीतही मोकळेपणाने चालते. मनाच्या आजाराचे नाव मात्र दार लावून घेतल्याशिवाय उच्चारले जात नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हा आपल्या समाजाचा या बाबतीतला व्यवहार आहे. हे मौन निरुपद्रवी असते, तर त्याचा विचार करण्याचे फारसे कारण नव्हते. परंतु हे मौनच रोग्याला उपचारांपासून दूर ठेवते आणि आजार बळावू देते. आपल्या कुटुंबव्यवस्थेचा सार्थ अभिमान बाळगणाऱ्या समाजाला त्याकडे डोळेझाक करणे परवडणारे नाही.

बायपोलर, अर्थात द्विध्रुवीय मनोविकार, हा मनाच्या भावावस्थेचा आजार आहे. तो रोग्याला दोन टोकांवर आळीपाळीने नेऊन सोडतो. उन्मादाच्या काळात माणसाला दोन-तीन तासांची झोप पुरेशी वाटते. बोलणे थांबत नाही, एका विचारावरून दुसऱ्या विचारावर उडी जाते, भव्य योजना सुचतात. कोणी कर्ज काढून धंदा उभारायला निघतो, कोणी घरची पुंजी चार दिवसांत उधळतो, तर कोणी आपल्याला दैवी साक्षात्कार झाल्याचे सांगू लागतो. त्याला अडवावे, तर तो संतापतो. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी तोच माणूस अवसादाच्या गर्तेत कोसळतो. अंथरुणातून उठणे जड होते, कशातच रस उरत नाही, अपराधीपणा मन पोखरतो आणि जगणे निरर्थक वाटू लागते. या दोन टोकांच्या मधल्या काळात तो अनेकदा चारचौघांसारखा असतो, नोकरी करतो, संसार सांभाळतो. त्यामुळेच घरच्यांना तो आजारी वाटत नाही. ‘स्वभावच लहरी आहे’ एवढ्या तीन शब्दांत प्रकरण मिटवले जाते.

आकड्यांमागची घरे

या आजाराचे प्रमाण नगण्य नाही. ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’ या नियतकालिकाने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०१७ साली भारतात सुमारे ७६ लाख लोक या विकाराने ग्रस्त होते. बेंगळुरूच्या ‘निम्हान्स’ या संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात या विकाराच्या सुमारे ७० टक्के रोग्यांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते, असे आढळले. म्हणजे दहांपैकी सात घरे या आजाराशी वैद्यकीय मदतीविना झुंजत होती.

आजाराची सुरुवात बहुधा ऐन तारुण्यात, पंधरा ते पंचवीस या वयात होते. शिक्षण, नोकरी, विवाह या आयुष्याला आकार देणाऱ्या गोष्टी याच वयातल्या. पहिली लक्षणे दिसल्यापासून योग्य उपचार सुरू होईपर्यंत सरासरी सुमारे ६ वर्षे उलटतात, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणातून दिसून आले आहे. या विलंबाचे एक कारण वैद्यकीय आहे. रोगी डॉक्टरांकडे जातो तो सहसा अवसादाच्या काळात. उन्मादाच्या दिवसांत त्याला स्वतःत काही बिघडले आहे, असे वाटतच नाही. घरच्यांनी त्या दिवसांची हकिकत सांगितली नाही, तर केवळ नैराश्याचे निदान होते. नैराश्यावरच्या औषधांनी, ती एकटीच दिली गेल्यास, या रोग्यांपैकी काहींना उन्मादाचा झटका येऊ शकतो. ‘उगाच सगळे कशाला सांगायचे’ म्हणून घराने राखलेले गुपित असे थेट औषधाच्या चिठ्ठीवर परिणाम करते. या रोग्यांतील आत्महत्येचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येच्या २० ते ३० पट असल्याचे मानले जाते. वाया गेलेल्या वर्षांची किंमत काय असते, हे यावरून ध्यानात यावे.

दोन टोकाच्या भूमिका

हा आजार का होतो, या प्रश्नावर समाजात दोन टोकाची मते आढळतात. पहिले मत म्हणते की, सारे काही रक्तात असते. आजोबा तसेच होते, मुलगाही तसाच निघाला. प्रारब्धापुढे कोणाचे काय चालणार? दुसरे मत घराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करते. आईने लाडावले, बापाने मारले, सुनेने छळले म्हणून हे झाले.

आधुनिक संशोधन या दोन्ही मतांना पुरते दुजोरा देत नाही. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, यात शंका नाही. मानसिक आजारांमध्ये या विकाराची गणना सर्वाधिक आनुवंशिक आजारांत होते. परंतु दोन एकसमान जुळ्या भावंडांचे उदाहरण घ्यावे. त्यांची जनुके जवळपास एकच असतात. तरीही एकाला हा विकार असल्यास दुसऱ्याला तो होण्याची शक्यता विविध अभ्यासांत ४० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान आढळली आहे. सारे काही जनुकांतच लिहिलेले असते, तर हा आकडा शंभराच्या जवळ असायला हवा होता. आई किंवा वडील यांपैकी एकाला आजार असला, तरी दहांपैकी सुमारे नऊ मुलांना तो होत नाही. बीज वारशाने येते. ते रुजेल का, कधी उगवेल आणि पुन्हापुन्हा फोफावेल का, हे बऱ्याच अंशी भूमीवर आणि हवापाण्यावर ठरते.

मग घरालाच दोषी धरावे काय? तेही न्याय्य ठरणार नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर पाश्चात्त्य मनोविश्लेषकांच्या एका पिढीने स्किझोफ्रेनियाचे खापर थेट आईच्या माथी फोडले होते. पुढे तो सिद्धान्त पुराव्याअभावी कोसळला; पण तोवर हजारो मातांनी न केलेल्या अपराधाचे ओझे वाहिले होते. तीच चूक पुन्हा नको. दोष आणि जबाबदारी या दोन भिन्न गोष्टी आहेत. पावसाळ्यात नदीला पूर येतो, त्यात काठावरच्या गावाचा दोष नसतो. परंतु बांध घालणे ही गावाची जबाबदारी असतेच.

जोखीम वाढवणाऱ्या गोष्टी

या भूमीची आणि हवापाण्याची, म्हणजेच मानसिक आणि सामाजिक घटकांची, तपासणी गेल्या काही दशकांत बारकाईने झाली आहे. पहिला घटक बालपणाचा. मँचेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली या विषयावरील अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. निरोगी व्यक्तींच्या तुलनेत या रोग्यांमध्ये बालपणी छळ, उपेक्षा अथवा आघात सोसल्याची शक्यता २.६३ पट अधिक आढळली. भावनिक छळाच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे ४ पट होते. प्रत्येक रोग्याचे बालपण दुःखाचे गेले, असा याचा अर्थ नाही आणि दुःखी बालपण म्हणजे हा आजार, असाही नाही. तथापि, ज्या घरात हे बीज आहे, तेथे मुलाला सतत घालूनपाडून बोलणे, भावंडांशी किंवा शेजारच्या मुलाशी तुलना करणे, चारचौघांत पाणउतारा करणे हे ‘वळण लावणे’ म्हणून खपवता येणार नाही. छडी हातात नव्हती, म्हणून छळ झाला नाही, असे मानण्याचे कारण नाही. शब्दांचे वळ पाठीवर दिसत नाहीत, एवढेच.

दुसरा घटक आयुष्यातील उलथापालथीचा. जवळच्या माणसाचा मृत्यू, नोकरी जाणे, संसार मोडणे अशा आघातांनंतर आजाराचा झटका येऊ शकतो, हे सहज पटते. परंतु अमेरिकी मानसशास्त्रज्ञ शेरी जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली एक अनपेक्षित गोष्ट दाखवून दिली. मोठे ध्येय गाठल्याच्या घटनांनंतरही या रोग्यांमध्ये उन्मादाची लक्षणे वाढतात. परीक्षेतील यश, बढती, विवाह असे आनंदाचे प्रसंगही त्यांच्यासाठी सावध राहण्याचे प्रसंग असतात. येथे चरकसंहितेचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. चिकित्सास्थानातील उन्मादाच्या अध्यायात आजाराची कारणे सांगताना चरकाचार्यांनी भयासोबत हर्षामुळे मनाला बसणाऱ्या धक्क्याचाही उल्लेख केला आहे. आयुर्वेदातील उन्माद आणि आजचा बायपोलर विकार एकच, असा दावा करण्याची गरज नाही. पण अतिहर्षही मनाचा तोल ढळवू शकतो, हे निरीक्षण आपल्या पूर्वसूरींनी नोंदवून ठेवले होते, हे महत्त्वाचे.

अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट पोस्ट यांनी १९९२ मध्ये मांडलेला एक विचारही येथे ध्यानात घेण्याजोगा आहे. सुरुवातीच्या झटक्यांना बाहेरचा ताण लागतो; झटक्यांची संख्या वाढत गेली की, मेंदू जणू पेट घेण्यास सरावतो आणि पुढचे झटके लहानशा कारणानेही येऊ लागतात, असे त्यांचे प्रतिपादन. या सिद्धान्तावर वाद आहेत. तरी पहिल्या-दुसऱ्या झटक्यालाच सावध होण्यात शहाणपण आहे, याबद्दल तज्ज्ञांत दुमत नाही. शिवाय प्रत्येक झटका नवे ताण मागे ठेवून जातो. उन्मादात काढलेले कर्ज, गमावलेली नोकरी, तुटलेली नाती ही पुढच्या अवसादाची सामग्री ठरते. हे चक्र लवकर भेदले नाही, तर ते अधिकाधिक घट्ट होत जाते.

झोप आणि दिनचर्या

तिसरा घटक वरकरणी किरकोळ वाटेल. पण व्यवहारात तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. तो म्हणजे झोप. थॉमस वेहर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली असे मांडले की, उन्मादाकडे नेणारी कारणे वेगवेगळी असली, तरी त्यांपैकी अनेकांचा शेवट झोप घटण्यात होतो आणि तेथून उन्मादाची ठिणगी पडते. प्रवास, बाळंतपण, दुःखद घटना, परीक्षेची जागरणे ही सारी कारणे याच एका वाटेने काम करू शकतात. पिट्सबर्गच्या एलन फ्रँक यांनी याच सूत्रावर एक उपचारपद्धती उभी केली. उठण्याची, जेवणाची, कामाची, लोकांत मिसळण्याची आणि झोपण्याची वेळ रोज एकच ठेवणे आणि नातेसंबंधांतील तणाव सोडवणे, हा तिचा गाभा. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, तीव्र आजाराच्या काळात ही पद्धत औषधांच्या जोडीने अवलंबलेल्या रोग्यांमध्ये पुढचा झटका लांबल्याचे आढळले.

वाग्भटाच्या अष्टांगहृदयात सूत्रस्थानाचा दुसरा अध्याय दिनचर्येला आणि तिसरा ऋतुचर्येला वाहिलेला आहे. ज्या समाजाने दिवसाच्या आखणीला आरोग्याचा पाया मानले, त्या समाजाची आजची दिनचर्या कशी आहे? पुण्याच्या हिंजवडीत हजारो तरुण अमेरिकेच्या घड्याळावर काम करतात. दर आठवड्याला पाळी बदलते आणि तिच्यासोबत झोपेची वेळही. अभ्यासाच्या नावाखाली मुले रात्री दोनपर्यंत जागतात आणि त्यातला निम्मा वेळ मोबाइलच्या पडद्यावर जातो. उत्सवांचेही तेच. देवाच्या नावाने लावलेल्या ध्वनिवर्धकांच्या भिंती मध्यरात्र उलटेपर्यंत वस्तीला झोपू देत नाहीत. कोणाच्या तरी घरी नुकताच आजारातून सावरलेला तरुण झोपेची वाट पाहत पडला असेल, हा विचार मंडळांच्या कार्यकर्त्यांनी करायला नको काय? उत्सव समाजाच्या आरोग्यासाठी आहेत, हे लोकमान्यांचा वारसा सांगणाऱ्यांनी तरी विसरू नये.

झोपेच्याच संदर्भात बाळंतिणीचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल. हा विकार असलेल्या स्त्रियांपैकी साधारण पाचांत एकीला प्रसूतीनंतर तीव्र स्वरूपाचा झटका येतो. संप्रेरकांतील बदल आणि तुटक झोप ही दोन्ही कारणे त्यामागे असू शकतात. पहिले बाळंतपण माहेरी, सव्वा महिन्याची विश्रांती, बाळाला रात्री सांभाळायला आजी किंवा मावशी, ही जुनी रीत अशा स्त्रीसाठी मोलाची आहे. परंतु तिचा आजार माहेरच्यांनी सासरपासून आणि दोघांनीही प्रसूतितज्ज्ञांपासून लपवला असेल, तर ही रीतही अपुरी पडते. मग ‘बाळंतवात झाला’ किंवा ‘बाहेरची बाधा झाली’ अशी कुजबुज सुरू होते आणि मौल्यवान दिवस हातचे निघून जातात.

चौथा घटक व्यसनांचा. गांजाच्या सेवनाने उन्मादाची लक्षणे नव्याने उद्भवण्याची शक्यता सुमारे ३ पटीने वाढते, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित परीक्षणातून समोर आले आहे. महाविद्यालयीन वर्तुळात ‘ही तर वनस्पती आहे’ असे सांगून गांजाचे समर्थन केले जाते. घराण्यात हा आजार असलेल्या तरुणाने अशा समर्थनापासून चार हात दूर राहिलेलेच बरे.

कुटुंबव्यवस्थेची कसोटी

पाचवा घटक घरातील वातावरणाचा आणि कुटुंबाच्या अभिमानाची खरी परीक्षा येथेच आहे. डेव्हिड मिक्लोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखवून दिले की, रुग्णालयातून घरी परतलेल्या रोग्याला जेथे सतत टीका, रोष किंवा गुदमरून टाकणारी अतिकाळजी वाट्याला येते, तेथे आजार उलटण्याचे प्रमाण अधिक असते. ‘सगळे नाटक आहे’, ‘तुझ्यामुळे बहिणीचे लग्न अडले’, ‘आम्ही मेल्यावर कळेल’ ही वाक्ये मराठी घरांना अनोळखी नाहीत. ती दुष्टपणाने उच्चारली जातात असेही नाही; बहुधा ती थकव्यातून येतात. पण औषधाच्या गोळीइतकाच त्या वाक्यांचाही परिणाम होत असतो, फक्त उलट दिशेने.

या विषयावरील एक भारतीय अभ्यास आवर्जून सांगावा असा आहे. चंदीगड येथे डॉ. नरेंद्र विग आणि लंडनचे डॉ. ज्युलियन लेफ यांनी स्किझोफ्रेनियाच्या रोग्यांच्या कुटुंबांचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष १९८७ साली प्रसिद्ध झाले. चंदीगडमधील नातेवाइकांमध्ये रोग्याविषयीची टीका आणि अतिगुंतवणूक लंडनच्या मानाने बरीच कमी आढळली. तेथील रोगी अधिक चांगले सावरले, त्याचे श्रेयही संशोधकांनी मुख्यतः याच गोष्टीला दिले. आजार वेगळा असला, तरी घराच्या सामर्थ्याविषयीचा निष्कर्ष स्पष्ट आहे. त्याही आधी, १९५० च्या दशकात, अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रोग्यांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून सोबत राहण्यास सांगितले. रोग्याला साखळदंड नव्हे, आपली माणसे हवीत, हे त्यांनी कृतीने सिद्ध केले. उपचारांत कुटुंबाला सहभागी करून घेण्याचा हा प्रयोग भारताच्या मातीतला आहे.

भारतीय कुटुंब हे मनोरोग्याचे सर्वांत मोठे आश्रयस्थान होऊ शकते, याचा हा पुरावा आहे. मात्र तो चाळीस वर्षांपूर्वीच्या कुटुंबांचा पुरावा आहे. आजचे कुटुंब दोन खोल्यांत सामावलेले आहे. थोरला भाऊ बेंगळुरूला, बहीण परदेशात आणि घरी वृद्ध आई-वडील. ‘आमच्यानंतर याचे कोण करणार?’ हा एकच प्रश्न त्यांना रात्रंदिवस छळतो. परंपरेचा गौरव व्यासपीठावरून केल्याने या आईची रात्र सरत नाही. तिच्या घरी आठवड्यातून दोन तास कोणी येऊन बसले, तिला देवळात किंवा बहिणीकडे जाता आले, तर त्या गौरवाला अर्थ येईल.

विवाहाचा विषयही येथे टाळता येणार नाही. ‘लग्न करून द्या, आपोआप ताळ्यावर येईल’ हा सल्ला आजही सर्रास दिला जातो. आजार लपवून केलेल्या लग्नात एक निरपराध व्यक्ती फसवली जाते आणि आजारी व्यक्ती गोळ्या चोरून घेऊ लागते किंवा सोडूनच देते. लग्नाची दगदग, जागरणे आणि नव्या घराचा ताण यांत पहिल्याच वर्षी झटका येतो आणि दोन्ही घरे कोर्टाची पायरी चढतात. हिंदू विवाह कायदा, १९५५ मध्ये गंभीर मानसिक आजाराची तरतूद आहे. मात्र आजाराचे केवळ नाव पुरेसे नाही, त्याची तीव्रता पाहावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली स्पष्ट केले. योग्य उपचार घेणारे असंख्य लोक उत्तम संसार करतात. अट एकच, सत्य आधी सांगितलेले असावे.

साधना हवी, औषधही हवे

याच ओघात एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. आजाराची लक्षणे दिसताच अनेक घरे प्रथम मांत्रिकाकडे, नंतर एखाद्या बाबाकडे आणि शेवटी डॉक्टरांकडे जातात. उन्मादातील बडबडीला साक्षात्कार समजून पाया पडणारेही भेटतात. सुशिक्षित वर्ग मांत्रिकाकडे जात नाही. पण ‘रासायनिक औषधे वाईट, योगाने सारे बरे होते’ असे छातीठोकपणे सांगून तोही रोग्याच्या गोळ्या बंद करतो. ऑस्ट्रेलियाचे डॉ. जॉन केड यांनी १९४९ साली लिथियमचा उन्मादावरील गुण दाखवून दिला. तेव्हापासून हे साधे क्षार असंख्य रोग्यांना सावरत आले आहे आणि त्याने आत्महत्येचा धोका घटतो, असे दिसून आले आहे. त्यासाठी रक्तातील प्रमाण, मूत्रपिंडे आणि थायरॉइड यांची नियमित तपासणी लागते. ते अचानक थांबवल्यास आजार वेगाने उलटू शकतो. योगासने, प्राणायाम, नामस्मरण यांनी मनाला स्थैर्य मिळते, दिवसाला आखणी येते. त्यांचे स्थान मोठे आहे. ते औषधाच्या शेजारी आहे, औषधाच्या जागी नाही. स्वतः चरकाचार्यांनी दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय असे चिकित्सेचे तीन प्रकार सांगितले. त्यांतील युक्तिव्यपाश्रय म्हणजे औषध आणि आहार यांची चिकित्सा. परंपरेचे नाव घेऊन औषध नाकारणारा परंपरेशीही प्रामाणिक नसतो.

अमेरिकेच्या डॉ. जॉर्ज एंगेल यांनी १९७७ मध्ये आजाराकडे शरीर, मन आणि समाज या तिन्ही अंगांनी पाहण्याचा आग्रह धरला आणि वैद्यकशास्त्रात तो मैलाचा दगड मानला गेला. त्याच्या एक तप आधी, एप्रिल १९६५ मध्ये, पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी मुंबईतील चार व्याख्यानांत एकात्म मानववाद मांडला. शरीर, मन, बुद्धी आणि आत्मा यांचा समुच्चय म्हणजे माणूस. तो समाजापासून तुटलेला एकटा जीव नव्हे, असे त्यांचे प्रतिपादन होते. हा विचार केवळ अर्थकारण आणि राजकारणासाठी नाही. मनोरोग्याच्या अंथरुणापाशी तो कसाला लावून पाहायला हवा. शरीराला औषध, मनाला समुपदेशन, बुद्धीला आजाराचे ज्ञान आणि आत्म्याला प्रतिष्ठा, हे चारही मिळाले, तरच उपचार पूर्ण झाला असे म्हणता येईल.

समाजाने काय करावे?

शासनाने काही पावले उचलली आहेत. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये सुरू झाला, जिल्हा पातळीवरील कार्यक्रम १९९६ मध्ये. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा मे २०१८ पासून लागू झाला. त्याने उपचारांचा हक्क दिला आणि विमा कंपन्यांना मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण देणे बंधनकारक केले. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर सुरू आहे. मदतीसाठी तेथे विनामूल्य बोलता येते. तथापि, कायदा घरात येऊन रात्री कोणाला झोपवू शकत नाही किंवा जिभेवरचा कडवटपणा काढू शकत नाही. ते काम समाजाचेच आहे.

कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी रस्त्यावर भटकणाऱ्या हजारो मनोरुग्णांना उचलले, बरे केले आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतील त्यांच्या घरी नेऊन पोहोचवले. २०१८ साली डॉ. भरत वाटवानी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या रोग्यांना घर नव्हते असे नाही. बहुतेकांचे घर कोठेतरी होते आणि तेथे कोणीतरी वाट पाहत होते. कमी होती ती वेळीच मिळालेल्या उपचारांची.

प्रत्येक वस्तीत भजनी मंडळ आहे, महिला मंडळ आहे, व्यायामशाळा आहे, ज्येष्ठ नागरिक संघ आहे. पूर आला, भूकंप झाला की, हेच लोक रात्रीचा दिवस करतात. मनोरोग्याच्या घरात असा भूकंप पुन्हापुन्हा होत असतो. फक्त त्याची बातमी होत नाही. या मंडळांनी वर्षातून एकदा जिल्हा रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञांना बोलवावे. आजारी तरुणाला वर्गणी गोळा करण्यापासून वाचनालयाच्या कामापर्यंत काहीतरी नियमित जबाबदारी द्यावी. त्याच्या आईला हळदीकुंकवातून वगळू नये. शिक्षकांनी विद्यार्थ्यातील अचानक बदलाला उनाडपणाचे नाव देण्याआधी पालकांशी एकांतात बोलावे. आणि घरांनी दोन गोष्टींचे व्रत घ्यावे. रात्रीची झोप मोडू द्यायची नाही आणि आजाराचे नाव घेऊन कोणाला टोचायचे नाही.

घराण्यातून आलेले बीज बदलणे आज कोणाच्या हाती नाही. त्याला मिळणारी भूमी मात्र प्रत्येक घराच्या आणि प्रत्येक वस्तीच्या हाती आहे. आपली कुटुंबव्यवस्था जगात श्रेष्ठ आहे, असे म्हणणाऱ्या समाजाने ते श्रेष्ठत्व बंद दारामागे, मध्यरात्री जागत बसलेल्या त्या एका घरात सिद्ध करून दाखवावे. त्यासाठी पहिले काम एवढेच की, ते दार ठोठवावे.